हिंदमाता भरली का?

पावसाळ्यात परळ-दादरकडे कामाला येणारा माणूस घराबाहेर पाय टाकण्याआधी हिंदमाता चौकात तुंबणाऱ्या पाण्याबद्दल हा प्रश्न विचारतो. बदलापूरची आया विचारते, विरारचा एक्स-रे तंत्रज्ञ विचारतो, पनवेलहून हार्बरने शिवडीला उतरणारी सिस्टर विचारते. उत्तर द्यायला कुणीतरी आधीपासून इथे असावं लागतं. रात्रपाळीवरचा सहकारी फोन उचलतो, गुडघाभर आहे की कंबरेएवढं ते सांगतो. आणि बहुतेक वेळा विचारणारा माणूस उत्तर काहीही आलं तरी निघतो. पाणी किती आहे हे त्याला येऊ की नको हे ठरवण्यासाठी नको असतं, कोणत्या स्टेशनात उतरायचं आणि कोणत्या गल्लीतून चालायचं हे ठरवण्यासाठी हवं असतं.

मी भोईवाड्यात राहते. इथे सकाळ उजाडते ती बाहेरून येणाऱ्या माणसांनी. पूर्वेला हार्बर मार्गाचं शिवडी, पश्चिमेला मध्य रेल्वेचं परळ आणि त्याला खेटून पश्चिम रेल्वेचं प्रभादेवी, उत्तरेला दादर. तिन्ही मार्गांवरून उतरलेली माणसं आमच्या रस्त्यांवरून कामाला जातात. आचार्य दोंदे मार्गावर १९२६ साली सुरू झालेलं केईएम, शेजारी वाडियांची दोन रुग्णालयं, एक बाळंतिणींचं आणि एक मुलांचं. पलीकडे १९४१ पासूनचं टाटा मेमोरियल, हाफकिन संस्था, कामगार विम्याचं गांधी रुग्णालय. भोईवाड्याचं पोलीस ठाणं आणि न्यायालय वेगळंच. एवढ्याशा तुकड्यात इतकी रुग्णालयं असलेली जागा मुंबईत दुसरी नाही. रुग्णालयाला पावसाची सुट्टी नसते. त्यामुळे वादळी पावसात कामावर पोचणं म्हणजे काय, हे बघायचं तर भोईवाड्याच्या नाक्यावर उभं राहावं.

आधी पाण्याचं सांगते, कारण ते समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. परळ हे मुळात बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळी आणि महालक्ष्मीमधली खिंड बुजवली आणि बेटांच्या मधल्या खाजणांवर हळूहळू भर पडत गेली. जमीन झाली, पण सखल राहिली. हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट आहे, चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं. ब्रिटिशांनी बांधलेल्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाच्या, तेही ओहोटी असताना. भरती असेल तर समुद्राची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढते आणि पाणी जायचं सोडून आत येऊ बघतं. म्हणून मुंबईकर पावसाचा अंदाज बघताना भरतीची वेळही बघतो. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, की हिंदमाता भरणार हे शाळकरी मुलालाही माहीत असतं.

यावर काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत न्यावी, पंपिंग स्टेशनं उभारावीत असं त्यात होतं. तो बरीच वर्षं पडून राहिला आणि २००५ च्या महापुरानंतर हलला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि आमच्यासाठी महत्त्वाचं रे रोडचं ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं झाली. तिथला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. अलीकडच्या काही वर्षांत दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचं पाणी पंपाने तिकडे नेऊन साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं, अशी ती व्यवस्था. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग परळ आणि हिंदमाता या दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्ता उंच केला, म्हणजे गाड्यांना पाण्यात उतरावंच लागू नये. गाड्यांची सोय झाली. खाली मात्र कापडबाजाराच्या पायऱ्यांना धरून, दुकानांच्या शटरला हात लावत, चपला हातात घेऊन चालणारी माणसं आजही तशीच जातात. शेजारून बस गेली की लाट येते आणि ती भिंतीला चिकटून उभी राहतात. पाणी कसं काढायचं याचा अभ्यास या शहराने केला आहे, खर्चही केला आहे. त्या पाण्यातून रोज कामाला जाणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

एके काळी हा प्रश्न इथे जवळपास नव्हताच. गिरणगावातला कामगार गिरणीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर राहायचा. भोंगा झाला की निघायचं, दुसऱ्या भोंग्याला आत. कितीही पाऊस असो, धोतर किंवा लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, डोक्यावर घोंगतं घेऊन तो गिरणीच्या दारात वेळेवर असे. हे सुख स्वस्तात मिळालेलं नव्हतं. एका खोलीत एकाच गावचे वीस-वीस जण राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी पथारी टाकायचा. कोकणातली, साताऱ्याची, सांगलीकडची ही गावकरी खोली. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेही याच टापूत.

त्या माणसांसाठी मुंबई हा परमुलूखच होता. काम दाराशी होतं आणि घर दोनशे मैलांवर. आषाढात आभाळ फाटलं की त्यांचा जीव गिरणीत कसं पोचायचं यात अडकत नसे. तो गावाकडे अडकलेला असे. नदीला पाणी आलं असेल का, कौलं उडाली असतील का, भाताचं आवण टिकलं असेल का. कळायला मार्ग एकच, पत्र, आणि ते यायला आठ-दहा दिवस. वादळात माणूस आणि घर यांच्यामध्ये अंतर असलं की काय होतं, हे परळला तेव्हाही ठाऊक होतं. फरक इतकाच, की आता ते अंतर माणूस रोज दोनदा कापतो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या ते सर्वांना माहीत आहे, मी त्यात शिरत नाही. माझ्या मुद्द्यापुरतं एवढं, की पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चाळीतल्या खोल्या विकून माणसं डोंबिवलीला गेली, बदलापूरला गेली, नालासोपारा-विरारला गेली. कुणाला मुलाच्या लग्नासाठी जागा हवी होती, कुणाला देणं फेडायचं होतं, कुणाला बायकोच्या नावावर संडास-बाथरूम असलेलं घर घ्यायचं होतं. गिरण्यांच्या जमिनीवर फिनिक्स मॉल उभा राहिला, कमला मिलमध्ये कार्यालयं आली, काचेच्या इमारती आल्या. काम परळमध्येच राहिलं, फक्त वेगळं झालं. कामगारांची घरं मात्र लोकलच्या शेवटच्या स्थानकांपर्यंत लांब गेली. गिरणीत बापाला चालत दहा मिनिटं लागायची, त्याच टापूतल्या रुग्णालयात मुलीला दीड-दोन तास लागतात. सकाळच्या पाळीला साडेसातच्या आत हजर व्हायचं तर बदलापूरला पाचच्या सुमारास घर सोडावं लागतं. उन्हाळ्यातही. पावसात किती वाजता निघायचं, याचं उत्तर कुणाकडे नसतं.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळा मजला त्यांना सिस्टरमावशी म्हणतो. रुग्णालयाचं नाव त्यांनी मला लिहू दिलं नाही. २६ जुलै २००५ च्या दुपारी त्या कामावर होत्या. त्या दिवसाची एक गोष्ट परळच्या माणसांना अजून विचित्र वाटते. इकडे पाऊस होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला त्याच वेळी फक्त ७३ च्या आसपास. मधलं अंतर तीस किलोमीटरही नाही. परळच्या कार्यालयांतून माणसं नेहमीसारखी निघाली, गाडीत बसली आणि कुर्ला-सायनच्या पुढे एका वेगळ्याच शहरात जाऊन अडकली. ज्यांनी अर्धा तास उशीर केला ती वाचली, ज्यांनी लवकर घरी जावं म्हणून घाई केली ती रात्रभर रुळांवर, बसच्या टपावर, अनोळखी इमारतींच्या जिन्यात राहिली. महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसं त्या पावसात गेली.

सिस्टरमावशींची पाळी दुपारी संपायची होती. सुटका करणारी पुढच्या पाळीची सिस्टर आली नाही. ती सायनला अडकली होती. वॉर्डाचा चार्ज दिल्याशिवाय परिचारिका वॉर्ड सोडू शकत नाही. औषधांचं कपाट, नोंदवह्या, कुणाला रात्री कितीचं इंजेक्शन, कुणाची लघवी मोजायची आहे, हे सगळं दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावरच तिची ड्युटी संपते. त्या दिवशी दुपारची रात्र झाली आणि रात्रीची दुसरी सकाळ. त्यांचं स्वतःचं घर तेव्हा कल्याणच्या पलीकडे होतं, दोन मुलं शाळेत होती, आणि फोन लागत नव्हते. मुलं शेजाऱ्यांकडे सुखरूप आहेत हे त्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. हे सांगताना त्या कुणावर रागावत नाहीत. मला मात्र राग येतो. वॉर्डात पुढची सिस्टर येईपर्यंत थांबायचं हा नियम रुग्णाच्या भल्याचा आहे, तो असायलाच हवा. पण थांबणारीने झोपायचं कुठे, खायचं काय, तिच्या घरी निरोप कुणी द्यायचा, याचा नियम का नसावा?

वादळाच्या दिवशी रुग्णालय कसं चालतं हे बाहेरच्याला दिसत नाही, म्हणून थोडं तपशिलाने सांगते. ओपीडी ओस पडते, पण वॉर्ड भरलेले असतात. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा यंत्राला लावावा लागतो. पाऊस आहे म्हणून त्याची तारीख पुढे ढकलत नेता येत नाही. केमोचं चक्र ठरलेलं असतं. बाळंतपण तर कुणालाच विचारून येत नाही, आणि वाडियात पावसाच्या रात्रीही बाळं जन्मतात. त्याच वेळी बाहेरून अपघात यायला लागतात: विजेचा धक्का बसलेले, झाड अंगावर पडलेले, पाण्यात पाय घसरून हाड मोडलेले. म्हणजे काम वाढतं आणि हात कमी होतात. चौघींचा वॉर्ड दोघींवर येतो. पहिली सुट्टी पडते ती सफाईची, कारण सफाई कामगार आणि आया सगळ्यांत लांबून येतात. मग ओल्या पायांनी भरलेली फरशी सिस्टरच पुसते.

अनुभवी बायकांची तयारी ठरलेली असते. जूनपासून लॉकरमध्ये कोरडा युनिफॉर्म, अंतर्वस्त्रं, टॉवेल, मधुमेह असेल तर गोळ्यांची जादा पट्टी, शिवाय चकलीचा किंवा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. पायात प्लास्टिकची चप्पल, कारण कातडी चप्पल पाण्यात एकदा फुगली की संपली. पिशवीत पिशवी, तिच्यात फोन. पाण्यातून चालून आल्यावर आधी पाय साबणाने धुवायचे आणि जखम असेल तर डॉक्टरला दाखवायची. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत बळी घेतले तेव्हापासून हे अंगवळणी पडलं आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेलं पाणी पायाच्या चिरेतून आत शिरतं. महापालिका दर पावसाळ्यात सांगते, की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन घ्यावं. कामावर येण्यासाठी प्रतिजैविक घ्यावं लागणं हे आपल्याला आता नवल वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

२०१७ चं साल परळने विसरू नये असं आहे. २९ ऑगस्टला सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस पडला. गणपती बसलेले होते, त्याच दिवशी घरोघर गौरी यायच्या होत्या. केईएमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, रुग्णांना वर हलवावं लागलं. बॉम्बे हॉस्पिटलमधले नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर कामावरून प्रभादेवीच्या घराकडे निघाले होते. पाण्यामुळे गाडी पुढे जाईना म्हणून उतरून चालू लागले. एल्फिन्स्टन रोड स्थानकाजवळ पाणी लवकर ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलं गेलं होतं, ते पाण्याखाली दिसलं नाही. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. हजारो रुग्णांचा आधार असलेला माणूस घरापासून हाकेच्या अंतरावर गेला. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्याचं काम सुरू झालं. त्या रात्री गणेश मंडळांनी मंडप उघडे ठेवले, गुरुद्वाऱ्यांनी लंगर दिला, परळ-लालबागच्या चाळींनी अनोळखी माणसांना चहा दिला. मी स्वतः त्या चहाच्या किटल्या वाहिल्या आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ज्या माणसाला मध्यरात्री अनोळखी दारात चहा घ्यावा लागतो, त्याची वाहवा करण्याआधी तो तिथे का आला हे विचारायला हवं.

बरोबर एक महिन्याने, २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी साडेदहाच्या सुमारास अचानक जोराची सर आली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानकं जोडणाऱ्या अरुंद पुलावर माणसं पाऊस थांबायची वाट बघत थांबली. मागून लोकलमागून लोकल येत राहिली, प्रत्येक गाडीतून माणसं पुलावर चढत राहिली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. जखमींना आणि मृतांना केईएममध्येच आणलं गेलं. त्यांतले बहुतेक कामावर निघाले होते. पूर आला नव्हता, वादळ नव्हतं, एक सर होती. गिरण्या गेल्यावर आलेल्या हजारो नव्या नोकऱ्यांचा भार गिरण्यांच्या काळातल्या जिन्यावर होता, आणि त्या सकाळी तो जिना पुरा पडला नाही. पुढे लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं. २०१९ च्या मार्चपासून परळहून लोकल सुटू लागल्या, त्याने गर्दी थोडी विभागली.

करोनाच्या काळात तर लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं होती. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला ३३० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला, आणि मशीद बंदर-भायखळ्याच्या दरम्यान दोन लोकल पाण्यात अडकल्या. शेकडो जणांना बोटीने आणि दोरांच्या आधाराने बाहेर काढलं. सर्वसामान्यांना गाडीत प्रवेशच नव्हता, म्हणजे त्या डब्यांत होते ते रुग्णालयांचे, महापालिकेचे, सरकारी कार्यालयांचे कर्मचारी. आपण टाळ्या-थाळ्या ज्यांच्यासाठी वाजवल्या तीच ही माणसं.

जगात इतरत्र काय करतात हे बघावंसं वाटलं, कारण वादळं मुंबईतच येतात असं नाही आणि मराठी माणूसही आता मुंबईतच राहतो असं नाही.

हाँगकाँगला दरवर्षी टायफून येतात. तिथली वेधशाळा क्रमांकाने इशारा देते. आठ नंबरचा इशारा लागला की शाळा बंद, बहुतेक कार्यालयं बंद. माणसांना टप्प्याटप्प्याने घरी सोडतात, म्हणजे स्थानकांवर चेंगराचेंगरी होऊ नये. अतिवृष्टीचा काळा इशारा लागला तर उलट सांगतात: घरी असाल तर घरीच राहा, कामावर असाल तर तिथेच थांबा. या दोन वाक्यांत २६ जुलैच्या दुपारचं उत्तर आहे. तिथल्या कामगार खात्याची एक आचारसंहिता आहे. ती कायदा नाही, पण मालकांनी तिच्याप्रमाणे वागावं अशी अपेक्षा असते. वादळात कोणाला यावंच लागेल, त्यांनी कसं यायचं, त्यांचा पगार कसा धरायचा, हे मालक आणि कामगार यांनी आधी बसून ठरवावं असं ती सांगते. तिथेही चुका होतात. सप्टेंबर २०१८ मध्ये मांगखुत टायफून रविवारी येऊन गेला. सोमवारी झाडं पडून रस्ते बंद होते, रेल्वे अर्धवट चालत होती, पण कामाला सुट्टी नव्हती. स्थानकांबाहेर माणसांचे लोंढे उभे राहिले, लोक संतापले. पुढच्याच वर्षी आचारसंहितेत सुधारणा झाली. इशारा उतरला तरी परिस्थिती बिकट असेल तर माणसांना कामावर बोलावू नये, अशी तरतूद आली.

ह्यूस्टनचं उदाहरण मला परळच्या आणखी जवळचं वाटतं. तिथेही भोईवाड्यासारखीच रुग्णालयांची वस्ती आहे, टेक्सास मेडिकल सेंटर, आणि तीही सखल भागात. जून २००१ मध्ये ॲलिसन वादळाने त्या रुग्णालयांच्या तळघरांत पाणी भरलं, वीज गेली, रुग्णांना जिन्यांवरून उतरवावं लागलं. त्यानंतर त्यांनी पाणी अडवणारे भक्कम दरवाजे बसवले आणि वीजयंत्रणा वर नेली. माणसांसाठीही एक पद्धत पक्की केली. वादळ येणार असं कळलं की कर्मचाऱ्यांची एक तुकडी वादळाच्या आधीच कपडे, औषधं घेऊन रुग्णालयात राहायला येते आणि वादळ संपेपर्यंत तिथेच राहते. दुसरी तुकडी घरी थांबते आणि पाणी ओसरल्यावर पहिलीला सोडवते. कोण कोणत्या तुकडीत हे मोसमाच्या आधी ठरलेलं असतं. ऑगस्ट २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात हार्वे वादळाने टेक्सासमध्ये काही ठिकाणी १,५०० मिलिमीटर पाऊस ओतला, तेव्हा त्या मेडिकल सेंटरमधली बहुतेक रुग्णालयं चालू राहिली. तोच तो आठवडा, ज्यात आमच्या केईएमच्या वॉर्डात पाणी शिरलं. ह्यूस्टनमध्ये राहणारी मराठी कुटुंबं तेव्हा मुंबईतल्या घरच्यांना तुम्ही कसे आहात विचारत होती आणि मुंबईकर त्यांना तेच विचारत होते.

दोन्हीकडची तुलना पैशांच्या बाबतीत करता येणार नाही, हे मान्य. पण दोन तुकड्यांची यादी करायला पैसे लागत नाहीत. लागते ती माणसाच्या येण्याजाण्याची काळजी आपली आहे असं मानण्याची तयारी. सिस्टरमावशी आणि त्यांच्या मैत्रिणी हेच वर्षानुवर्षं आपसांत करत आल्या आहेत: ज्यांची मुलं लहान त्यांना आधी सोडायचं, जी जवळ राहते तिने डबल करायची, नंतर तिला ऑफ द्यायचा. ही व्यवस्था बायकांच्या चांगुलपणावर चालते. कागदावर ती कुठे नाही, म्हणून थकलेल्या बाईला तिच्या आधारे काही मागताही येत नाही.

२०२५ चा पावसाळा बघा. २६ मेला पाऊस मुंबईत इतक्या लवकर आला, की तशी नोंद आधी नव्हती. कुलाब्याला मे महिन्यात कधी न पडलेला पाऊस पडला आणि वरळीचं नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याने भरलं. १८ ऑगस्टला मुलं शाळेत पोचल्यावर दुपारच्या सत्राची सुट्टी जाहीर झाली. १९ ऑगस्टला सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी दिली, खासगी कंपन्यांना घरून काम करू द्या असं सांगितलं. हे चांगलंच झालं. त्यात अत्यावश्यक सेवा वगळलेल्या होत्या, तेही समजण्यासारखं. पण त्याच दिवशी सीएसएमटी-ठाणे लोकल कित्येक तास बंद होती, हार्बर बंद होती, आणि संध्याकाळी चेंबूरजवळ गर्दीने ओव्हरलोड झालेली मोनोरेल हवेत अडकली. अग्निशमन दलाने शिड्या लावून शेकडो माणसं खाली उतरवली. ज्यांना यायलाच हवं त्यांनी यावं कशाने, हे त्या आदेशात नव्हतं.

आणि अत्यावश्यक म्हणजे कोण? कायम नोकरीवरच्या सिस्टरला निदान रजा टाकता येते. कंत्राटी सफाई कामगार, लिफ्टमन, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातला पोऱ्या यांचा दिवस भरला नाही तर खाडा. दिवसाचे पैसे गेले. म्हणून सगळ्यांत कमी पगाराची माणसं सगळ्यांत खोल पाण्यातून येतात. दादरहून रुळांच्या कडेकडेने चालत येणाऱ्या ओल्या माणसांत मी ही माणसं ओळखते. त्यांना कुणी हिरो म्हणावं अशी त्यांची मागणी नाही. रोज मिळावा, एवढीच आहे.

रुग्णांचं दुःख आणखी वेगळं. टाटाच्या बाहेरच्या फूटपाथवर बंगालची, बिहारची, आसामची, आपल्या विदर्भ-मराठवाड्याची कुटुंबं निळ्या ताडपत्रीखाली राहतात. जवळचं माणूस आत, केमोची तारीख आठवड्यावर, गावी परत जाऊन यायला पैसे नाहीत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या सदनात जागा मिळाली तर नशीब, पण तिथेही रांग असते. सरीवर सर आली की ही माणसं फाइलींची पिशवी पोटाशी धरून उभ्याने रात्र काढतात. अंथरूण भिजलं तर वाळतं, पण भिजलेल्या रिपोर्टासाठी पुन्हा हेलपाटे. कामावर येणारी आया आणि फूटपाथवरची आई सकाळी एकाच पाण्यातून आत शिरतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना रस्तापूल पाडण्यासाठी बंद झाला. त्या जागी मोठा पूल होणार आहे आणि तो हवाच होता. तोवर प्रभादेवीकडून केईएम-टाटाला येणारी रुग्णवाहिका करी रोड किंवा टिळक पुलाचा वळसा घेते. मोनोरेलही २० सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी थांबवली गेली. म्हणजे नवा पूल होईपर्यंतचा पावसाळा भोईवाड्याला नेहमीपेक्षा अवघड जाणार, हे उघड आहे.  परळच्या प्रत्येक रुग्णालयाने जूनच्या आधी रेड अलर्टसाठी दोन तुकड्यांची यादी करून भिंतीवर लावावी. आदल्या रात्रीपासून थांबणाऱ्यांसाठी एक कोरडी खोली, दहा खाटा, बायकांसाठी वेगळं स्नानगृह ठेवावं. कंत्राटदाराशी करार करताना रेड अलर्टच्या दिवशी खाडा धरायचा नाही हे कलम घालावं. महापालिकेने बेस्टच्या चार बसगाड्या फक्त कर्मचाऱ्यांसाठी दादर, शिवडी, परळ आणि रुग्णालयं अशा फिरवाव्यात. उंच रस्ता आता आहेच, त्यावरून त्या जातील. हे सगळं परळच्या वॉर्डांतल्या सिस्टरांना विचारून करावं, कारण कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता चढतं आणि किती वाजता उतरतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.